पालीची अंडी आणि उष्णतेचे मान

चैत्र सरून वैशाख लागला, की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील कौलारू घरांवर शाकारणीची धांदल सुरू होते. मंगलोरी कौले उतरवून अंगणात रचली जातात, वाळवीने पोखरलेल्या रिपा बदलल्या जातात, वर्षभराची धूळ वाशांवरून झाडली जाते, आणि या उलथापालथीत कधी कौलाच्या खोबणीतून, कधी भिंतीच्या माथ्यावरील सांदीतून सुमारे एक सेंटिमीटर लांबीची, कडक कवचाची पांढरी अंडी जोडीजोडीने हाती लागतात. ती पालीची आहेत हे ओळखायला कोणालाच वेळ लागत नाही. त्यांचे पुढे काय करावे हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. बहुतेक घरांत ती केराबरोबर उकिरड्यावर जातात. एखाद्या घरात मुलांच्या आग्रहाखातर ती आगपेटीत ठेवली जातात, आणि लवकर फुटावीत या सद्हेतूने ती पेटी उन्हात, चुलीच्या कट्ट्यावर किंवा विजेच्या दिव्याखाली नेली जाते. उकिरड्यावरच्या अंड्यांची जी गत होते तीच मग या जपलेल्या अंड्यांचीही होते, कारण पालीच्या अंड्याला लागणारी उष्णता फार बेताची असून तिची कमाल मर्यादा आपल्या या मुलखात उन्हाळ्याच्या कोणत्याही दुपारी सहज ओलांडली जाते.

पंचांगात पल्लीपतनाचे सविस्तर कोष्टक असते. पाल अंगाच्या कोणत्या भागावर पडली असता कोणते फल, याची माहिती आपल्या आजोबा-पणजोबांना मुखोद्गत होती. तिच्या अंड्यांविषयी आणि पिल्लांविषयी मात्र आपल्याकडे परंपरेने फारसे काही आलेले नाही, आणि ज्या प्राण्याशी आपण एकाच छपराखाली जन्मभर राहतो त्याच्याविषयी इतके अज्ञान असावे, ही गोष्ट मला खेदाची वाटते. पाल रात्रभर दिव्याभोवतीचे डास, पतंग, पंख फुटलेली वाळवी आणि लहान झुरळे टिपत असते. आपल्याकडील कोणतीही पाल विषारी नाही. आणि तिची वीण टिकावी अशी इच्छा असेल, तर त्यासाठी फारसा खर्च वा खटाटोपही लागत नाही. लागते ती उष्णतेच्या मानाची थोडी जाण, आणि ती करून देण्यासाठीच हा लेख आहे.

घरांत वावरणाऱ्या आपल्या पाली मुख्यतः हेमिडॅक्टिलस या प्रजातीतील असतात. रात्री चुकचुकणारी लहान फ्रेनाटस आणि तिच्याहून दांडगी, पिवळसर पोटाची फ्लॅव्हिव्हिरिडिस या त्यांतील परिचित जाती होत. याच प्रजातीतील मॅक्युलेटस ही मोठी ठिपकेदार पाल सह्याद्रीच्या कातळांवर आणि लेण्यांतून राहते, तर रानातील पालापाचोळ्यात निराळ्या प्रजातीतील पट्टेदार डेक्कनेन्सिस वावरते. या सर्वांची अंडी कडक, चुनखडीच्या कवचाची असतात. मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते, पुष्कळदा एकाच सोयीच्या सांदीत अनेक माद्या वर्षानुवर्षे अंडी घालीत राहतात, आणि म्हणून जुन्या घराच्या एखाद्या पोकळीत भरलेली अंडी व रिकामी टरफले यांचा मोठा साठा एकत्र सापडतो.

इथे कोंबडीशी तुलना करणे उपयोगाचे आहे, कारण घरोघरच्या चुका बहुतांशी त्या ओळखीतूनच होतात. खुडूक बसलेली कोंबडी आपल्या अंगाच्या उबेने अंडी सुमारे साडेसदतीस अंशांवर राखते, चोचीने ती उलटीपालटी करते आणि २१ दिवसांनी पिल्ले बाहेर काढते. कुक्कुटपालनातील उबवणी यंत्रही हेच काम विजेवर करते. पालीच्या अंगाला स्वतःची ऊब नाही. ती अंडी घालते, निघून जाते आणि पुन्हा त्यांच्याकडे बघत नाही. परंतु जाण्यापूर्वी तिने एक काम केलेले असते: जागा निवडलेली असते. ऊन थेट लागणार नाही, पाणी शिरणार नाही, मुंग्यांची वाट जाणार नाही आणि दिवसरात्रीच्या तापमानात फार मोठी तफावत पडणार नाही अशी सांदी तिने शोधलेली असते, आणि त्या अंड्यांच्या वाट्याला येणारे मातेचे सारे संगोपन त्या एका निवडीत साठवलेले असते. म्हणून पहिली आणि सर्वांत मोलाची सूचना अशी, की अंडी जिथे सापडली तिथे ती राहू देता येत असतील तर राहू द्यावीत. तेवढी दोन कौले आषाढाच्या तोंडाशी शेवटी बदलली तरी शाकारणीचे काही बिघडत नाही.

उष्णतेचा अंड्यावर जो परिणाम होतो, त्याचा पहिला आणि सर्वांना कळणारा भाग म्हणजे काळ. गर्भाची वाढ ही रासायनिक क्रियांची मालिका असल्याने ऊब वाढली की ती वेग घेते आणि ऊब घटली की मंदावते. २० अंश सेल्सिअसच्या खाली ती जवळजवळ थांबते. घरातील पालींच्या अंड्यांना सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास सामान्यतः दीड ते दोन महिने लागतात. नेरळच्या पायथ्याशी आणि माथेरानच्या पठारावर, म्हणजे सुमारे साडेसातशे मीटर उंचीच्या फरकाने, तापमानात चार-पाच अंशांचे अंतर पडते; तेव्हा एकाच जातीच्या पालीने एकाच दिवशी दोन्ही ठिकाणी अंडी घातली, तर माथेरानची पिल्ले बऱ्याच दिवसांनी मागाहून बाहेर येणार हे उघड आहे. या उशिरात काही बिघाड नाही. किंबहुना ज्या सरड्यांवर व पालींवर काळजीपूर्वक प्रयोग झाले आहेत, त्यांपैकी अनेकांत असे दिसून आले आहे की मध्यम उबेत सावकाश वाढलेले पिल्लू अंगाने भरलेले निघते, तर तेच अंडे अधिक उष्णतेत ठेवले असता पिल्लू लवकर येते खरे, परंतु पिवळ्या बलकातील सत्त्व पुरते अंगी लागण्यापूर्वीच ते बाहेर पडत असल्याने आकाराने लहान राहते. उष्णता याहूनही वाढली, तर शेपटी वाकडी, जबडा आखूड, पाठीचा कणा दबलेला अशी व्यंगे दिसू लागतात. आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे कवचातच गर्भ मरून सुकणे.

व्यवहारापुरते प्रमाण सांगायचे, तर घरातील पालींच्या अंड्यांसाठी २६ ते ३० अंश हा निर्धास्त पट्टा समजावा. २३-२४ अंशांवर मुदत लांबते, पण धीर धरावा. ३२ अंशांच्या पुढे दिवसेंदिवस ठेवणे जोखमीचे आहे, ३५ अंशांच्या वर सतत ठेवणे म्हणजे बहुधा नाश, आणि ४० अंशांच्या पुढची एखादी दुपारही पुरेशी घातक ठरते. कोंबडीच्या अंड्यांसाठी लावलेले उबवणी यंत्र पालीच्या अंड्यांना का चालत नाही, हे आता निराळे सांगायला नको. आपल्या तालुक्यांत शेतघरांना जोडून कुक्कुटपालनाच्या शेड पुष्कळ आहेत, आणि यंत्रात रिकामी जागा आहे म्हणून एका कोपऱ्यात पालीची अंडी ठेवून पाहण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, तो टाळावा.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती थोडी सूक्ष्म आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष केले तर वरचे सर्व आकडे निरुपयोगी ठरतात. सरासरी तापमान फसवते. एका घरातील जाड मातीच्या भिंतीच्या देवळीत अहोरात्र २८ अंश आहे, आणि दुसऱ्या घरात सिमेंटच्या पत्र्याखाली पहाटे २० व दुपारी ३६ अंश आहे असे समजू. दोहोंची सरासरी २८ येते, पण त्यातील अंड्यांचे आयुष्य मुळीच सारखे नसते. थंड तासांत गर्भाची वाढ मंद असते आणि उष्ण तासांत ती धावते, म्हणजे त्याच्या वाढीचा मोठा हिस्सा त्या तापलेल्या दुपारीच घडतो. पत्र्याखालचा गर्भ कागदावर २८ अंशांत असला, तरी वस्तुतः त्याहून बऱ्याच वरच्या तापमानात घडत असतो. एखाद्या जागेची परीक्षा करताना दिवसाच्या सरासरीपेक्षा दुपारी दोन ते चारच्या दरम्यानचा कळस पाहावा, तो याच कारणाने.

आपल्या मुलखाची भूरचनाही इथे विचारात घेतली पाहिजे. एका अंगाला सह्याद्रीची भिंत, दुसऱ्या अंगाला माथेरानचा डोंगर, आणि मधल्या उल्हासच्या व पाताळगंगेच्या खोऱ्यांत समुद्राचा वारा अलिबाग-मुरुडसारखा मोकळा पोहोचत नाही. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जाणे ही इथे नवलाई राहिलेली नाही. तेवढ्या उन्हात लोखंडी पत्र्याच्या खालच्या अंगाला हात टेकवत नाही. याउलट ठाकूर-कातकरी वाड्यांतील कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा दिलेला असतो, त्या कुडाच्या आतल्या बाजूला भर दुपारी गाल लावून पाहिला तर तो सुखद गार लागतो. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतीही दिवसाची धग आत पोहोचायला रात्र करतात. पाल या फरकाची आपल्याहून चांगली पारखी आहे. छप्पर पत्र्याचे आणि भिंती सहा इंची विटांच्या झाल्या, की तिला पूर्वीची सांदी मिळेनाशी होते आणि ती विजेच्या मीटरच्या पेटीमागे, शीतकपाटाच्या पाठीशी किंवा इन्व्हर्टरच्या खालच्या फटीत अंडी घालते, जिथे उपकरणाची धग खोलीच्या उष्णतेत आणखी भर घालीत असते. अशा ठिकाणची अंडी वैशाखात हलवणे योग्य. इतर ठिकाणची हलवू नयेत.

पिल्लू नर होईल की मादी, हेही उष्णतेवर ठरते काय, असा प्रश्न जिज्ञासू वाचक हटकून विचारतात. उत्तर जातीनुसार निराळे आहे. सेनेगलमधील डाकार येथे मादलेन शार्निए या विदुषीने १९६६ साली अगामा जातीच्या सरड्यात ही गोष्ट प्रथम निदर्शनास आणली, आणि पुढे पालींच्या वर्गात युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस या ठिपकेदार पालीवर तिचा सर्वांत कसून अभ्यास झाला. या पालीची अंडी २६ अंशांवर ठेवली तर सर्व माद्या, ३२ ते ३३ अंशांच्या सुमारास बहुसंख्य नर, आणि ३४-३५ अंशांवर पुन्हा जवळजवळ सर्व माद्या निपजतात. हा निर्णय अंड्याच्या मुदतीच्या साधारण मधल्या तिसऱ्या भागात होतो. त्याआधीची वा नंतरची ऊब काळावर आणि अंगकाठीवर परिणाम करील, लिंगावर करणार नाही. गट्झके आणि क्रूज या संशोधकांनी १९८८ साली नेचर नियतकालिकात याच पालीविषयी जे प्रसिद्ध केले ते याहून विलक्षण होते: अधिक उष्णतेत जन्मलेल्या माद्या स्वभावाने आक्रमक निघतात आणि त्यांच्या वर्तनात नराची छटा उतरते. कवचाआडच्या काही दिवसांची ऊब प्राण्याच्या पुढील साऱ्या आयुष्यातील वागणुकीपर्यंत पोहोचते, हा विचार मला अजूनही स्तिमित करतो.

आपल्या राज्यात या विषयाचे उत्तम उदाहरण पालीचे नसून कासवाचे आहे, आणि ते आपल्या अगदी शेजारचे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखण्याचे जे कार्य उभे केले, त्यात वाळूतील घरट्यातली अंडी उचलून सुरक्षित आवारात तितक्याच खोलीच्या, तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवली जातात. रायगडच्या किनाऱ्यावर हरिहरेश्वर आणि दिवेआगर येथेही ही कासवे येतात. समुद्री कासवांत पिल्लांचे लिंग वाळूच्या उबेवर ठरते, थंड वाळूत नर आणि उष्ण वाळूत माद्या, म्हणून खड्ड्याची खोली आणि सावली यांत हयगय झाली तर पिल्ले जगूनही पिढीचा तोल ढळतो. मगरीत पुन्हा निराळा क्रम आहे: मद्रासच्या मगर-संवर्धन केंद्रात झालेल्या, १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या कामानुसार २८ ते ३१ अंशांवर माद्या आणि साडेबत्तीस अंशांच्या सुमारास मुख्यतः नर जन्मतात; महाडच्या सावित्री नदीतील मगरींनाही हाच नियम लागू असला पाहिजे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात आपल्या कुंपणावरच्या सरड्यावर जे प्रयोग झाले, त्यांत तर तापमान चढत जाईल तसे मादी, नर, पुन्हा मादी, पुन्हा नर असे आलटूनपालटून प्राबल्य दिसल्याचे संशोधकांनी नमूद केले आहे.

घरातील हेमिडॅक्टिलस पालींपैकी ज्यांचा या दृष्टीने तपास झाला आहे, त्यांच्यापैकी फ्रेनाटससह काही जातींत नर-मादीचा निर्णय गुणसूत्रांकडे असल्याचे आढळले आहे. यास्तव भिंतीवरच्या पालीची अंडी हाती आली असता नर हवा म्हणून ऊब वाढवणे वा मादी हवी म्हणून ती घटवणे हा निष्फळ आणि अंड्यांना त्रासाचा उद्योग होय. वर आलेली युब्लेफॅरिस ही ठिपकेदार पाल बाळगणारे काही हौशी लोक मुंबई-पुण्याकडून येऊन आपल्या भागातील शेतघरांत राहतात, त्यांच्यासाठी मात्र दोन शब्द वेगळे. त्या पालीच्या अंड्याचे कवच चामड्यासारखे मऊ असते आणि ते भोवतीच्या ओलाव्यातून पाणी शोषून फुगते. त्याला दमट माध्यम लागते, तर आपल्या पालीचे कडक कवच ओल्या वाळूत ठेवले तर बुरशीने बिघडते. एकाचा नियम दुसऱ्याला लावू नये.

अंडी हलवणे अपरिहार्यच झाले, तर त्याची तजवीज अशी करावी. आधी ती भरलेली आहेत की रिकामी हे पाहावे: अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या काचेवर अंडे अलगद टेकवले असता आतून गुलाबी झाक आणि तांबड्या शिरांचे जाळे दिसले तर गर्भ जिवंत आहे, मुदत भरत आलेल्या अंड्यात प्रकाश शिरत नाही, सारे गडद दिसते, आणि नुकत्याच घातलेल्या अंड्यात निव्वळ पिवळसर उजेड दिसतो, म्हणून तेवढ्यावरून ते टाकून देण्याची घाई करू नये. भिंतीला वा कौलाला चिकटलेले अंडे कधीही खरवडू नये. कौल असेल तर ते अख्खे कौलच सावलीत नेऊन ठेवावे, भिंत असेल तर तिथला गिलावा त्या मोसमापुरता राहू द्यावा. सुटे अंडे उचलण्यापूर्वी त्याच्या वरच्या अंगावर मऊ शिसपेन्सिलीने बारीकशी खूण करावी आणि ती खूण सदैव वर राहील अशा रीतीने चमच्याने ते हलवावे. कोंबडीच्या अंड्यात बलक तोलून धरणारे दोर असतात, ते इथे नाहीत. गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला वरच्या बाजूस लागून वाढत असतो, आणि अंडे उलटले तर तो बलकाखाली दबून गुदमरण्याची भीती असते. वेळासला कासवाची अंडी घालून झाल्यावर शक्य तितक्या लवकर, अवघ्या काही तासांत, आणि न फिरवता हलवण्याचा दंडक आहे, त्याचेही कारण हेच.

ठेवण्यासाठी झाकणाची एक लहान डबी पुरते. तळाशी बोटभर कोरडी, चाळलेली रेती किंवा स्वच्छ भाताचा तूस घालावा; भाताच्या या मुलखात तुसाला तोटा नाही. कापूस वापरू नये, त्याचे तंतू पिल्लाच्या बोटांत अडकतात. रेतीत दोन लहान खळगे करून अंडी त्यांत बसवावीत, झाकणाला दाभणाने चार-दोन भोके पाडावीत आणि डबीवर तारीख लिहून ठेवावी. उन्हाळ्याच्या शेवटी हवा फारच कोरडी असेल तर डबीच्या एका कोपऱ्यात बाटलीच्या झाकणात थोडे पाणी ठेवावे, परंतु रेती वा अंडे भिजू देऊ नये. मृगाचा पाऊस एकदा लागला, की हे पाणीही काढून घ्यावे. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाच्या या प्रदेशात आषाढ-श्रावणात हवेतच दमटपणा इतका असतो, की त्या दिवसांत खरा बंदोबस्त बुरशीचा आणि लाल मुंग्यांचा करावा लागतो. मुंग्यांसाठी डबी पाण्याच्या ताटलीत, मध्ये उपडी वाटी ठेवून तिच्यावर टेकवावी. जुना आणि खात्रीचा उपाय आहे हा. दुधा-तुपासाठी आपल्या आया-आज्यांनी तो आयुष्यभर वापरला.

डबीची जागा निवडताना घराच्या मधल्या खोलीतील, बाहेरच्या उन्हाला न लागलेली भिंत पसंत करावी. पश्चिमेची भिंत टाळावी. माळा टाळावा, कारण छपराखालची गरम हवा तिथेच कोंडते. माठ ज्या खोलीत असतो ती खोली पुष्कळदा उत्तम ठरते, मात्र डबी माठावर ठेवू नये. त्या ठिकाणी दिवसाचे कमाल व किमान तापमान दाखवणारा तापमापक आठवडाभर टांगून पाहावा. तो नसला तर साधा तापमापकही चालेल, फक्त पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास असे दोन वेळचे आकडे टिपावेत. दुपारचा आकडा ३२ च्या खाली राहत असेल तर जागा निःशंक घ्यावी. तसे राहत नसेल आणि दुसरी जागाही नसेल, तर डबी मातीच्या मोठ्या मडक्यात ठेवून मडक्याला बाहेरून ओले फडके गुंडाळावे, म्हणजे दोन-चार अंश उतरतात. पौष-माघातील अंड्यांबाबत लोकांची काळजी उलटी असते. रात्री पारा पंधराच्या आसपास येतो म्हणून ते दिवा लावू पाहतात. लावू नये. घराच्या आतली हवा तितकी गार होत नाही, आणि झाली तरी थंडीत वाढ केवळ लांबते, तर दिव्याची धग जरा चुकली की अंडे एका रात्रीत शिजते.

पिल्लू येण्याचा क्षण पाहायला मिळाला, तर तो अवश्य पाहावा. पालीच्या पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या टोकाला दोन सूक्ष्म दात असतात, केवळ कवच फोडण्यापुरते. पुढे ते गळून पडतात. कवचाला आधी एक केसाएवढी चीर जाते, मग तिच्यातून नाकाचे टोक दिसते आणि पिल्लू तसेच थांबते, कधी कधी बराच वेळ. या थांबण्याने पुष्कळांचा धीर सुटतो आणि ते नखाने कवच सोलायला जातात. असे कदापि करू नये. त्या अवधीत उरलेला बलक पोटात ओढून घेण्याचे काम चाललेले असते आणि आत रक्तवाहिन्या अजून जिवंत असतात. बाहेर आलेले पिल्लू शेपटीसह साडेचार-पाच सेंटिमीटरचे, कातडी इतकी पातळ की पोटातला बलकाचा पिवळा ठिपका बाहेरून दिसतो, आणि डोळे अंगाच्या मानाने फार मोठे. लवकरच ते पहिली कात टाकते आणि तीच खाऊन टाकते. दुसरे अंडे बहुधा एक-दोन दिवसांत फुटते, पण न फुटल्यास निदान पंधरवडाभर तरी ते तसेच राखावे.

पिल्लाला घरी पाळण्याच्या भरीस पडू नये. पोटातला बलक त्याला पहिले काही दिवस पुरतो आणि शिकार करणे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तिन्हीसांजेला, ऊन पूर्ण उतरल्यावर, जिथे दिव्यावर चिलटे येतात अशा पडवीच्या भिंतीशी डबी आडवी करून ठेवावी आणि दूर व्हावे. भिंतीवर मोठ्या पाली असतील ती जागा मात्र टाळावी, कारण त्या पिल्लांना खातात. उष्णतेत वाढलेले लहान, चपळ पिल्लू आणि सावकाश वाढलेले भरदार पिल्लू यांच्या जगण्याच्या संधी सारख्या नसतात. पावसाळ्याच्या आरंभी किड्यांची रेलचेल असते, तेवढी एकच मदत निसर्ग दोघांना सारखी करतो. अंडी, डबी किंवा पिल्लू हाताळल्यानंतर हात साबणाने धुवावेत, विशेषतः मुलांचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

रानातल्या अंड्यांबाबत नियम अगदी स्पष्ट ठेवावा. कोंढाणे लेण्यांच्या वाटेवर, पेठच्या किल्ल्याच्या कातळात किंवा माथेरानच्या झाडीत दगड उचलताना पालीची अंडी दिसली, तर दगड होता तसा परत ठेवावा. त्याच्या खालचा गारवा हेच त्या अंड्यांचे संरक्षण असते आणि उपडा टाकलेला दगड अर्ध्या दिवसात त्यांना भाजून काढतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये प्राणी या संज्ञेत त्याची अंडीही येतात, तेव्हा कुतूहलापोटी ती घरी आणणे कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. काही अडचण उद्भवल्यास स्थानिक वनपरिक्षेत्र कार्यालयात वर्दी द्यावी, अथवा वनखात्याच्या १९२६ या दूरध्वनी क्रमांकावर विचारावे.

नवे घर बांधणाऱ्यांना शेवटी एवढेच सुचवावेसे वाटते, की कौले उतरवून पत्रा घालताना जुन्या कौलांपैकी थोडी टाकून देऊ नयेत. परसात उत्तरेच्या अंगाला, झाडाच्या सावलीत, जमिनीपासून हातभर उंच ओट्यावर ती आडवी रचून ठेवावीत आणि मोसमात त्यांना हात लावू नये. बिनचुन्याचा दगडी गडगा असेल तर तो सिमेंटने लिंपून बंद करू नये. ज्यांना नोंदी ठेवण्याची आवड आहे, त्यांनी अंडी दिसल्याची तारीख, त्या सांदीतील पहाटेचे व दुपारचे तापमान आणि पिल्लू निघाल्याची तारीख एवढे चार रकाने वहीत आखावेत, फुटलेली टरफले तारखेच्या चिठ्ठीसह लहान डबीत कोरडी ठेवावीत, आणि दोन-चार मोसमांची वही जमली म्हणजे ती गावच्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवावी. कर्जतला भात संशोधनाचे केंद्र असल्याने तिथल्या हवामानाच्या दप्तराशी हे आकडे ताडून पाहणेही त्यांना शक्य होईल.